आधी पाणी मोजा, मग युरिया

नोव्हेंबर लागला की कृषी केंद्रात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न असतो, गव्हाला एकरी युरिया किती टाकायचा? कुणी दोन बॅगा सांगतो, कुणी तीन. खरं तर आकडा सांगण्याआधी विचारायला हवं की विहिरीला फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत पाणी पुरतं का. पाणी आणि नत्र हे एकाच खात्यातले दोन रकाने आहेत. पाच पाण्याच्या गव्हाला जो डोस बरोबर बसतो, तोच दोन पाण्याच्या गव्हाला दिला तर पैसा तर जातोच, वर पीकही बिघडतं.

का बिघडतं, ते मुळापाशी पाहू. मूळ नत्र घेतं ते पाण्यात विरघळलेलं. युरिया ओल्या मातीत पडला की मातीतलं युरिएज हे विकर दोन-चार दिवसांत त्याचं अमोनियम करतं. पुढच्या एक-दोन आठवड्यांत जिवाणू त्या अमोनियमचं नायट्रेट करतात. अमोनियम चिकणमातीच्या कणाला धरून राहतं, नायट्रेट मात्र पाण्यात मोकळं फिरतं. पानावर ऊन पडलं की पान वाफ सोडतं, त्या ओढीनं पाणी मुळाकडे सरकतं आणि नायट्रेट त्याच्यासोबत येतं. वरची चार बोटं माती कोरडी झाली की ही ये-जा बंद पडते. खत असतं वरच्या थरात आणि मुळं पाणी ओढत असतात खालच्या थरातून. झाड सुकत नाही, पण उपाशी राहतं. ‘खत टाकलं, तरी गहू हलत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

पाणी जास्त झालं तरी नत्र जातं, फक्त जाण्याची वाट वेगळी. बरड, मुरमाड वावरात नायट्रेट पाण्याबरोबर मुळांच्या खाली उतरतं. काळ्या भारी जमिनीत पाणी लवकर खाली जात नाही, पण मातीतली हवा संपते. हवा नसली की काही जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि उरलेला नत्र वायू होऊन उडून जातो. म्हणून पाणी तुंबलेला सखल तुकडा आठवडाभरात पिवळा पडतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात महागात पडते. नत्र भरपूर आणि पाणी सुरुवातीला भरपूर असलं की गहू फुटवे करतो, पानं रुंद होतात, वावर काळंशार दिसतं, रस्त्यानं जाणारा थांबून पाहतो. पण तेवढा पाला जमिनीतली ओल जास्त वेगानं ओढतो. ओंबी बाहेर येईपर्यंत खालचा साठा संपतो आणि नेमकं तेव्हाच विहिरीचं पाणी तुटतं. मग दाणा भरत नाही. काड भरपूर, दाणा सुकडलेला. शेजारचा कमी खताचा, जरा फिका दिसणारा गहू अशा वर्षी जास्त पिकतो.

म्हणून सुरुवात पाणी मोजण्यापासून करा. त्याला मीटर लागत नाही, २०० लिटरचा ड्रम आणि मोबाइलचं घड्याळ पुरे. पाइपाचं तोंड ड्रममध्ये धरा आणि किती सेकंदांत भरतो ते पाहा. ३३ सेकंद लागले तर सेकंदाला ६ लिटर, म्हणजे तासाला २१,६०० लिटर पाणी येतं. हे माप मोटार सुरू केल्या-केल्या घेऊ नका. विहीर दोन तास उपसल्यावर धार कमी होते, खरं माप तेव्हाचं. आता एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. गव्हाला एका वेळी साधारण ६ सेंटिमीटर पाणी द्यायचं म्हटलं तर एकराला २ लाख ४३ हजार लिटर लागतात. या मोटारीला त्यासाठी सव्वाअकरा तास हवेत. लाइन आठ तास राहत असेल तर एक एकर एका दिवसात होत नाही. पाच एकर गहू असेल तर एका पाळीला सात-आठ दिवस लागतात, आणि तेही विहीर रोज तेवढं पाणी देत असेल तर. हा हिशेब पेरणीआधी केला, तर पाच एकर गहू पेरायचा की तीन एकर गहू आणि दोन एकर हरभरा, हे आपोआप ठरतं. हरभऱ्याला नत्राचा मोठा डोस लागत नाही आणि पाणीही कमी लागतं. पाण्याची खात्री नसलेला एकर गव्हाखाली ठेवण्यापेक्षा हरभऱ्याला दिलेला बरा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

तुषार संच असेल तर वेगळं मोजावं लागतं. नोझल बारा बाय बारा मीटरवर, म्हणजे दर दोन पाइपांनंतर एक असतं, आणि एक नोझल सेकंदाला साधारण ०.४ ते ०.५ लिटर पाणी टाकतं. त्या हिशेबानं तासाला १० ते १२ मिलिमीटर पाणी पडतं. चार तासांत ४० ते ५० मिलिमीटर. कागदावरच्या या आकड्यावर विसंबू नका. चार नोझलच्या मधल्या चौकोनात सरळ बाजूंचे सात-आठ रिकामे डबे ठेवा आणि एका तासानं पट्टी बुडवून खोली मोजा. डब्याडब्यांत मोठा फरक आला तर दाब कमी आहे किंवा वारा जास्त आहे. ज्या जागी पाणी कमी पडतं त्याच जागी युरियाही विरघळत नाही, म्हणून तुषारखालच्या वावरात गहू कधीकधी गोल गोल पट्ट्यांत हिरवा-पिवळा दिसतो. असं वावर दिसलं की खताच्या नावानं खडे फोडण्याआधी डबे मांडा.

आता नत्राचा हिशेब. एक क्विंटल गहू पिकवायला, दाणा आणि काड मिळून, पीक साधारण अडीच ते तीन किलो नत्र उचलतं. एकरी १६ क्विंटल धरले तर ४० ते ४८ किलो. वेळेवर पेरलेल्या, पूर्ण ओलिताच्या गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश सांगतात, ते एकरी ४८ : २४ : १६ होतं. बॅगांत मांडू. डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) खताच्या ५० किलोच्या एका बॅगेत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. उरलेलं ३९ किलो नत्र युरियातून. युरियाची बॅग आता ४५ किलोची आहे, तिच्यात ४६ टक्क्यांनी २०.७ किलो नत्र येतं. म्हणजे ८५ किलो युरिया, दोन बॅगांना थोडा कमी. पालाशासाठी म्युरेट ऑफ पोटॅश २७ किलो. अर्धं नत्र पेरणीला द्यायचं, तर डीएपीसोबत सुमारे ३३ किलो युरिया तेव्हा आणि ५२ किलो एकवीस दिवसांनी. गंधक लावलेला युरिया घेतलात तर हिशेब बदलतो. ती बॅग ४० किलोची आणि नत्र ३७ टक्के, म्हणजे बॅगेत १४.८ किलोच. बॅगेला बॅग असा अदलाबदल केला तर नत्र सहा किलोनं कमी पडतं. पण आपल्याकडे ज्या जमिनींत गंधक कमी आहे, तिथं त्याचा फायदाही आहे.

हा डोस पाच-सहा पाण्याचा. तीनच पाणी होणार असतील तर हेक्टरी ८० किलोच्या आसपास थांबा. डीएपीची एक बॅग आणि युरियाची एक बॅग वर पाच किलो, एवढ्यात एकराचं काम होतं. पूर्ण कोरडवाहू गव्हाला हेक्टरी ४० किलो पुरे, म्हणजे एकरी २५ किलो डीएपी आणि २५ किलो युरिया, आणि तेही सगळं पेरतानाच, बियाण्याच्या तीन-चार सेंटिमीटर खाली, ओलीत. वरून फेकलेलं कोरडवाहूत कामी येत नाही, कारण त्याला खाली न्यायला पाणीच नसतं. युरिया आणि बियाणं एकाच चाड्यातून मात्र सोडू नका. युरिया फुटताना त्याच्या भोवती अमोनिया तयार होतो आणि फुटणारा कोंब जळतो. तुटक उगवणीला बियाण्याची थैली जबाबदार धरली जाते, पण पुष्कळदा कारण हे असतं.

पाणी केव्हा द्यायचं, हे किती द्यायचं याहून मोठं आहे. पेरणीनंतर विसाव्या दिवशी वावरात जाऊन एक झाड खुरप्यानं मातीसकट उचला आणि बादलीत हलक्या हातानं धुवा. तळाशी बियाण्याची रिकामी साल दिसेल, तिच्यातून निघालेली केसासारखी तीन-पाच मुळं. तिथून वर एक पांढरा दोरा जातो आणि जमिनीच्या पृष्ठभागाखाली दोन-तीन सेंटिमीटरवर एक जाडसर गाठ असते. बियाणं कितीही खोल पडलेलं असो, ही गाठ जवळपास तेवढ्याच वर बसते. तिच्यातून जाड, पांढरी, टोकदार मुळं फुटताना दिसतात. तीच मुकुटमुळं. फुटवे याच गाठीतून येतात आणि पुढचं बहुतेक अन्नपाणी ही मुळं आणतात. गाठीभोवतीची माती कोरडी असेल तर मुळं अर्धा सेंटिमीटर येऊन खुंटासारखी थांबतात. नंतर कितीही पाणी दिलं तरी गेलेले फुटवे परत येत नाहीत. १८ ते २१ दिवसांच्या पाण्याला एवढं महत्त्व आहे ते या दोन-तीन सेंटिमीटरांमुळे.

पाणी पुरेसं असेल तर मुकुटमुळं, ४०-४२ दिवसांना फुटवे संपून कांडी धरताना, ६०-६५ दिवसांना ओंबी व फुलोरा, आणि ८०-८५ दिवसांना दाण्यात चीक, अशा पाळ्या येतात. मधली-शेवटची एखादी जमिनीनुसार. तीनच पाणी असतील तर २०-२२, ४०-४२ आणि ६०-६५ दिवस. दोनच असतील तर २०-२२ आणि ६०-६५. एकच असेल तर ४०-४२ दिवसांना. हे शेवटचं ऐकून लोक दचकतात, कारण एकविसाव्या दिवसाचं महत्त्व सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं असतं. पण चांगल्या ओलीवर पेरलेल्या भारी जमिनीत गहू पहिला महिना-सव्वा महिना जमिनीच्या ओलीवर काढू शकतो. एकच पाणी एकविसाव्या दिवशी देऊन टाकलं तर कांडी धरण्यापासून दाणा भरेपर्यंतचा सगळा खर्चाचा काळ कोरडा जातो, आणि ओंबीत दाणे किती हे ठरतं त्याच काळात. नत्राची सगळ्यात जास्त ओढही तेव्हाच असते. त्यामुळे एका पाण्याच्या गव्हाला एकविसाव्या दिवशी कोरड्यात युरिया फेकण्यात अर्थ नाही. बहुतेक नत्र पेरणीलाच द्या आणि थोडं राखून ठेवलंच असेल तर ते चाळिसाव्या दिवसाच्या पाण्यासोबत.

युरिया पाण्याआधी फेकायचा की नंतर, यावर पारावर वाद होतात. उत्तर जमिनीवर आहे. आपल्या काळ्या जमिनीचा सामू (पीएच) बहुतेक साडेसातच्या वर, पुष्कळ ठिकाणी आठच्या पुढे असतो. अशा जमिनीत ओल्या पृष्ठभागावर पडलेला युरिया तिथंच फुटला तर अमोनिया होऊन हवेत जातो. नाकाला वास आला तर समजा पैसे उडत आहेत. न फुटलेला युरिया मात्र पाण्यासोबत सहज खाली जातो. म्हणून भारी जमिनीत युरिया फेकून लगेच, त्याच दिवशी, हलकं पाणी द्या. तो पाच-सात सेंटिमीटर खाली जाऊन फुटतो आणि तिथं चिकणमाती अमोनियमला धरून ठेवते. तुषार असेल तर युरिया टाकून पहिले दीड-दोन तास चालवलं की काम होतं, उरलेलं पाणी मागून द्या. हलक्या बरड जमिनीत उलट करा. आधी पाणी द्या, पाय रुतणार नाही असा वाफसा आला की युरिया टाका, नाहीतर पाणी त्याला मुळांच्या खाली घेऊन जाईल. सकाळी दव असताना टाकू नका. ओल्या पानाला खडे चिकटतात आणि शेंडे जळतात. दुपारनंतर, पानं कोरडी असताना टाका.

पाटानं पाणी देणाऱ्यांसाठी एक गोष्ट. वाफा लांब असेल तर तोंडाकडचा भाग चार तास पाण्याखाली राहतो आणि शेवटाकडे ओल पोहोचते न पोहोचते. युरिया वाहत शेवटाला गोळा होतो. वाफे आखूड करा आणि बारे देताना पाणी तीन-चतुर्थांश लांबीवर पोहोचलं की तोडा, उरलेलं आपोआप सरकतं. जमिनीला भेगा पडू देऊ नका. भेगाळलेल्या वावरात पहिलं पाणी वरच्या थराला न भिजवता भेगांतून खाली जातं, एकराला दीडपट पाणी लागतं आणि फेकलेला युरियाही भेगेत जातो.

आता तो नेहमीचा प्रसंग. पहिलं पाणी दिलं आणि चार दिवसांनी गहू पिवळा पडला. लगेच युरियाची आणखी अर्धी बॅग फेकली जाते. थांबा, आधी पिवळेपणा वाचा. खालचं जुनं पान शेंड्यापासून मधल्या शिरेनं आत पिवळं होत येत असेल आणि वरची पानं हिरवी असतील, तर ते नत्र कमी आहे. झाड जुन्या पानातलं नत्र काढून नव्या पानाला देत असतं. वरची नवी पानं फिकट आणि खालची हिरवी असतील तर गंधक किंवा लोह पाहा, युरियानं ते बरं होणार नाही. आणि सगळं झाडच मलूल पिवळं, तेही सखल तुकड्यात, तर मुळं गुदमरली आहेत. मूठभर माती काढून पाहा, चिखल असेल, मूळ तपकिरी आणि मऊ असेल. थंडीत भारी जमिनीला वाफसा यायला आठ-दहा दिवसही लागतात. अशा वेळी पाणी काढून द्या आणि वाट पाहा. हवा मिळाली की मुळं पुन्हा घ्यायला लागतात. त्या चिखलात फेकलेला युरिया नायट्रेट होऊन पुढच्या पाण्यात वायू होऊन जाण्याचीच शक्यता जास्त.

जमीन कोरडी आहे, पाणी लांबलंय आणि पीक उपाशी दिसतंय, तेव्हा फवारणी उपयोगी पडते. २ टक्के युरिया, म्हणजे १० लिटरला २०० ग्रॅम, १५ लिटरच्या पंपाला ३०० ग्रॅम. संध्याकाळी, वारा नसताना. पण तिची ताकद ओळखून करा. एकराला २०० लिटर पाणी फवारलं तर त्यात ४ किलो युरिया, म्हणजे १.८ किलो नत्र जातं. तात्पुरता आधार म्हणून ते मोलाचं आहे, ४८ किलोची जागा ते घेऊ शकत नाही. नॅनो युरियाचाही हाच हिशेब करून पाहा. ४ टक्क्यांच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत नत्र असतं २० ग्रॅम. पूरक म्हणून वापरायचं तर वापरा, जमिनीतला डोस त्याच्या भरवशावर तोडू नका.

शेवटची पाळी फेब्रुवारीच्या वाऱ्यात येते. भरल्या ओंबीचा गहू जास्त नत्रानं उंच आणि मऊ झालेला असतो, त्यात ओली जमीन आणि वारा एकत्र आले की लोळतो. वारा पडल्यावर, रात्री किंवा पहाटे हलकं पाणी द्या. उशिरा पेरलेल्या गव्हाला डोस कमी करतात त्यामागचं कारणही हेच आहे की त्याला वाढीला दिवस कमी आणि दाणा भरताना मार्चचं ऊन. १५ नोव्हेंबरच्या पुढे पेरणी गेली की नत्र हेक्टरी ८० किलोवर आणा. बन्सी, म्हणजे रव्याचा कडक गहू करणाऱ्यांनी उलट चूकही टाळायला हवी. नत्र फार कमी आणि शेवटी पाणी जास्त झालं तर काचेसारख्या दाण्यावर पिठूळ पांढरे डाग येतात. प्रथिनं कमी झाल्याची ती खूण आहे, आणि रव्याला घेणारा व्यापारी पहिल्यांदा तेच पाहतो.

ज्वारीचं तंत्र थोडं वेगळं, कारण ती तग धरते. खरिपाच्या संकरित ज्वारीला हेक्टरी ८० किलो नत्र, अर्धं पेरणीला, अर्धं तीस दिवसांनी. दुसरा हप्ता तारखेवर न देता ओलीवर द्या. ओळीच्या बाजूनं टाकून लगेच डवरणी (कोळपणी) करा, म्हणजे मातीआड जातं. वीस दिवसांची उघडीप चालू असेल तर थांबा. पान दुपारी गुंडाळलं तर काळजी नको, सकाळी आठलाही गुंडाळलेलंच असेल तर झाड खऱ्या ताणात आहे आणि तेव्हा दिलेलं खत पडून राहील. रब्बी ज्वारी जमिनीच्या साठ्यावर येते, तिला सगळं नत्र पेरतानाच खाली द्यायचं. विदर्भात पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं खारं पाणी देऊन नत्राचा फायदा मिळत नाही. क्षारांमुळे मुळाला पाणी ओढणंच जड जातं. तिथं शेततळ्यातल्या गोड पाण्याचं एखादं संरक्षित पाणी, तेही कणीस पोटरीत असताना, हेच खरं भांडवल.

ज्वारीबद्दल एक इशारा द्यायलाच हवा. नत्र भरपूर दिलेली कोवळी ज्वारी पाण्याच्या ताणानं खुरटली की तिच्या पानांत विष वाढतं. जनावराच्या पोटात त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटतं आणि काही मिनिटांत जनावर कोसळू शकतं. युरिया दिलेल्या, खुरटलेल्या, दीड महिन्याच्या आतल्या ज्वारीत किंवा कापणीनंतरच्या फुटव्यात गुरं सोडू नका. जनावर थरथरायला लागलं, श्वास जोरात चालू झाला, तर वाट न पाहता डॉक्टरला बोलवा.

विदर्भाच्या पूर्वेकडे, भंडारा-गोंदिया-गडचिरोली-चंद्रपूरच्या धानपट्ट्यात गणित उलटं होतं. तिथं पाणी उभंच असतं, आणि नत्र टिकवायचं तर त्याला अमोनियम म्हणूनच ठेवावं लागतं. बांधीतल्या, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या वावरातल्या, चिखलाचा वरचा काही मिलिमीटरचा थर पाण्यातल्या हवेमुळे तांबूस राहतो, त्याखालचा राखाडी, हवा नसलेला. वर फेकलेला युरिया तांबूस थरात नायट्रेट होतो, खाली झिरपतो आणि राखाडी थरात वायू होऊन निघून जातो. शिवाय उन्हात पाण्यातलं शेवाळ वाढलं की दुपारी पाण्याचा सामू नऊच्या वर जातो आणि अमोनिया सरळ उडतो. बांधी एकदा वाळली आणि पुन्हा भरली की तयार झालेलं सगळं नायट्रेट गेलंच. म्हणून रोवणीनंतर बांधी कधी भरलेली, कधी भेगाळलेली, अशी राहिली तर धानाला कितीही युरिया पुरत नाही.

भरल्या बांधीत युरिया फेकणं हे त्यातलं सगळ्यात मोठं नुकसान. पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत उतरतं, तसा तुमचा युरियाही शेजाऱ्याच्या बांधीत उतरतो. आधी पाणी काढून चिखल उघडा करा, युरिया टाका, बांधाचं तोंड बंद ठेवा आणि दीड-दोन दिवसांनी पाणी चढवा. आभाळ भरून आलं असेल तर त्या दिवशी टाकूच नका. हेक्टरी १०० किलो नत्रातलं अर्धं रोवणीला, पाव फुटव्यांना आणि पाव लोंबी गर्भात धरताना, अशी नेहमीची विभागणी आहे. रोवणीच्या वेळी झड लागलेली असेल तर पहिला हप्ता आणखी कमी केलेला आम्हाला पटतं. ओढलेला पऱ्हा, म्हणजे धानाचं रोप, पहिले आठ-दहा दिवस मुळंच धरत असतो, तेवढं नत्र घेऊ शकत नाही.

याहून चांगला उपाय म्हणजे खत चिखलात पुरणं. युरिया आणि डीएपी ६० : ४० प्रमाणात दाबून केलेली २.७ ग्रॅमची गोळी, म्हणजे ब्रिकेट, रोवणीच्या दिवशीच चार चुडांच्या (रोवलेल्या रोपांच्या पुंजक्यांच्या) मध्ये एक, ७ ते १० सेंटिमीटर खोल दाबायची. चुडांमध्ये आळीपाळीनं १५ आणि २५ सेंटिमीटर अंतर ठेवलं की हेक्टरी ६२,५०० गोळ्या, सुमारे १७० किलो लागतात, एकराला ६८ किलो. त्यातून हेक्टरी साठ किलोच्या जरा खाली नत्र जातं आणि तेवढ्यात पीक निघतं, कारण गोळी राखाडी थरात असते आणि तिथं नायट्रेट होत नाही. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीतलं हे एक सूत्र. अडचण मजुरीची आहे, आणि गोळी दाबल्यावर पाय त्याच जागी पडला तर ती वर येते. मागे सरकत दाबत जायचं.

लोंबीचा हप्ता दिवस मोजून न देता झाड फाडून द्या. मुख्य काडी ब्लेडनं उभी चिरा. सगळ्यात वरच्या पेऱ्याच्या डोक्यावर एक-दोन मिलिमीटरचा पांढरा, पिसासारखा शेंडा दिसला की लोंबी धरली. कापणीच्या साधारण साठ-पासष्ट दिवस आधी हे होतं. त्या वेळी बांधीत पाच सेंटिमीटर पाणी हवं. मालगुजारी तलावाचं पाणी हाताशी असेल तर तो हप्ता निर्धास्त द्या. नुसत्या पावसावरच्या बांधीत पाणी उभं असेल तरच द्या. पानांचा रंगतक्ता असेल तर आणखी सोपं. रोवणीनंतर चौदा दिवसांपासून दर आठ-दहा दिवसांनी, आपल्या सावलीत धरून, दहा झाडांचं सगळ्यात वरचं पूर्ण उघडलेलं पान तक्त्यावर लावा. दहापैकी सहा पानं चार नंबरपेक्षा फिकी निघाली तरच युरिया. पान त्याहून गडद असताना दिलेला युरिया करपा आणि तुडतुड्यांच्याच कामी येतो.

कापणीच्या आधी गव्हाच्या वावरात तासभर काढा. दोन ओळींत २२.५ सेंटिमीटर अंतर ठेवून पेरलेलं असेल तर एक मीटर ओळीतल्या ओंब्या मोजा, चार-पाच जागी. ७५-८० निघाल्या तर फुटवे बरोबर आले, पन्नास निघाल्या तर पहिलं पाणी किंवा पेरणीचं नत्र चुकलं. मग दहा ओंब्या चोळून दाणे मोजा. ओंबीला ३५-४० हवेत, वीस-पंचवीस असतील तर चाळीस ते पासष्ट दिवसांच्या मधलं पाणी किंवा दुसरा हप्ता हुकला. शेवटी एक हजार दाणे मोजून सोनाराच्या किंवा किराण्याच्या काट्यावर टाका. ४० ग्रॅमच्या आसपास भरले तर उत्तम. ओंब्या भरपूर, दाणेही भरपूर, आणि हजार दाणे ३० ग्रॅमच्या खाली, असं निघालं तर पुढच्या वर्षी त्या वावरात युरियाची अर्धी बॅग कमी करा आणि गव्हाचं क्षेत्र विहिरीच्या शेवटच्या पाण्याला पुरेल एवढंच ठेवा.